भाजीचा देठ आणि जीपचं बॉनेट

सैनिकांवर टीका करायची नाही, हा नियम नेमका कुणी केला, याचा एकदा तपास व्हायला हवा. सैन्याने केलेला नाही, एवढं नक्की. 1950 चा लष्कर कायदा उघडून पाहा. सैनिकाने काय केलं तर त्याला कोणती शिक्षा, याचीच कलमं पानोपानी आहेत. त्यातलं 36 वं कलम कुणी कायद्याचं नाव न सांगता सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, तर संध्याकाळपर्यंत त्याला ग्रुपमधून काढतील. पहाऱ्यावर झोपणं, चौकी सोडून जाणं, लुटीसाठी कुणाच्या घरात घुसणं या गुन्ह्यांना एरवी 7 वर्षांपर्यंत कैद. आणि हेच प्रत्यक्ष मोहिमेवर असताना केलं तर? 14.

म्हणजे लष्कर म्हणतं, युद्धात चुकलास तर दुप्पट. ग्रुप म्हणतो, युद्धात चुकलास तर माफ. दोघांतलं सैन्य कुणाला जास्त कळतं, ते आपापल्या ॲडमिनला विचारा.

बरं, लष्कराचा कायदा इंग्रजांच्या कायद्यावरून बेतलेला, म्हणून तो नको. आपल्या मातीतलं काही हवं. घ्या, चिपळूणचं पत्र आहे. शिवाजी महाराजांनी चिपळूणला तळ ठोकून असलेल्या आपल्या लष्करातल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं. शिवजयंतीच्या प्रत्येक भाषणात भाजीचा देठ येतो. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावायचा नाही, इथे टाळ्या पडतात आणि वक्ता पुढे अफझलखानाकडे वळतो. या पत्रापर्यंत तो पोचत नाही. पावसाळ्यासाठी दाणावैरण साठवून दिली आहे, ती आत्ताच उधळलीत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, आणि मग ती तुम्हीच मारलीत असं होईल, असं महाराज बजावतात. वैरण संपली की तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल; कुणी दाणे आणेल, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी फाटी, कुणी भाजी. मग लोक गाव सोडून जातील, काही उपाशी मरतील, आणि म्हणतील की मोगल परवडले, यांच्यापेक्षा.

आपल्याच सैन्याला मोगलांच्या पंगतीला बसवणारं हे वाक्य आज कुणा प्राध्यापकाने लिहिलं असतं, तर रात्री नऊच्या चर्चेत त्याची काय गत झाली असती ते तुम्हीच ठरवा. सैन्य अजून तळावरच आहे, पावसाळा पुढे आहे, एक काडी चोरीला गेलेली नाही, आणि राजा आधीच दम भरतोय. एवढंच करून तो थांबत नाही. रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर पेटती वात पळवतील आणि गवताच्या गंजींना आग लागेल, इथवर तो खाली उतरतो. सैन्याचं मनोधैर्य खच्ची होईल ही भीती त्याला वाटलेली दिसत नाही. त्या सैन्याने पुढे काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. टीका सोसूनसुद्धा केलं.

आता जीप. 9 एप्रिल 2017, श्रीनगर लोकसभा पोटनिवडणुकीचा दिवस. शालीवर भरतकाम करणाऱ्या एका माणसाला लष्कराच्या एका मेजरने जीपच्या पुढच्या भागाला बांधलं आणि दगडफेक टाळण्यासाठी गावोगाव फिरवलं. हा माणूस त्या दिवशी मत देऊन आला होता. बहिष्काराच्या गदारोळात मतदान करणाऱ्या मोजक्या काश्मिरींपैकी एक, म्हणजे आपल्या लोकशाहीचं चालतंबोलतं जाहिरातपत्रक, ते आपणच बॉनेटवर चिकटवलं. लष्करी चौकशी चालू असतानाच त्या मेजरला लष्करप्रमुखांचं प्रशस्तिपत्र मिळालं. त्या दृश्याचे टी-शर्टही विकायला आले. राज्य मानवी हक्क आयोगाने बांधल्या गेलेल्या माणसाला 10 लाख रुपये भरपाई देण्याची शिफारस केली, ती राज्य सरकारने मानली नाही.

गोष्टीचा पुढचा भाग टी-शर्टवर छापला गेला नाही. वर्षभराने तेच मेजर श्रीनगरच्या एका हॉटेलात एका स्थानिक तरुणीबरोबर गेले, तिथे वाद झाला, पोलीस आले. या वेळी मात्र कोर्ट मार्शल झालं. स्थानिक स्त्रीशी सलगी आणि कामाची जागा सोडून जाणं, असे आरोप. दोषी ठरले, सेवाज्येष्ठता कापली गेली. म्हणजे काश्मिरी माणसाला बांधलं तर प्रशस्तिपत्र, काश्मिरी माणसाशी सलगी केली तर शिक्षा. शिस्तीचे नियम मला कळत नाहीत असं नाही; मोहिमेच्या भागात चौकी सोडणं हा गुन्हाच आहे. पण शिस्तीने हॉटेल पाहिलं आणि जीप पाहिली नाही, एवढंच नोंदवून ठेवतो.

इथे कुणीतरी म्हणणारच, एसीत बसून लिहिणं सोपं आहे, एकदा सियाचिनला जाऊन बघा. मान्य. हे खरंच आहे. दगड येत असताना, अंधारात, समोरचा हात खिशात जातोय तो मोबाइलसाठी की पिस्तुलासाठी हे अर्ध्या सेकंदात ठरवणाऱ्या पोराची चूक आणि माझ्या खुर्चीतली चूक एका मापाने मोजायची नसते. कायदाही मोजत नाही. हेतू, परिस्थिती, आदेश, स्वसंरक्षण हे सगळं तो बघतो. पण बघायचं म्हणजे आधी खटला उभा राहायला हवा. सियाचिनचा दाखला देणाऱ्यांतले बहुतेक जण, निरीक्षण असं आहे की, सियाचिनला गेलेले नसतात. गेलेले साताऱ्याकडच्या गावात घरी बसलेले असतात आणि त्यांचं मत विचारायला कुणी माइक घेऊन जात नाही.

अर्ध्या सेकंदाची चूक वेगळी आणि पूर्वतयारीने केलेला खून वेगळा, हे लष्करालाही माहीत आहे. एप्रिल 2010 मध्ये बारामुल्ला जिल्ह्यातल्या नादिहाल गावच्या तीन तरुणांना हमालीचं काम देतो म्हणून नियंत्रण रेषेजवळ माछिलला नेलं आणि घुसखोर म्हणून ठार केलं. खोटं उघड झालं, त्या उन्हाळ्यात काश्मीर पेटलं, शंभरावर माणसं मेली. नोव्हेंबर 2014 मध्ये पाच जणांना जन्मठेप झाली, त्यांत एक कर्नल आणि एक कॅप्टन. शिक्षा कुणी दिली? कुठल्याही झोलाछाप कार्यकर्त्याने नाही. लष्करी न्यायालयाने, गणवेशातल्या अधिकाऱ्यांनी. 'सैनिकावर संशय घेणारा तो देशद्रोही' ही व्याख्या धरली तर आधी त्या कोर्टाच्या सदस्यांनाच आत टाकावं लागेल. सुदैवाने तशी वेळ आली नाही, कारण जुलै 2017 मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाने शिक्षा स्थगित केली आणि पाचही जण जामिनावर सुटले. देशप्रेमाची अब्रू वाचली.

पण माछिल अपवाद. नेहमीचा रस्ता असा नाही. अशांत टापूतल्या सैनिकांवर नागरी न्यायालयात खटला चालवायचा तर 1958 च्या, आणि जम्मू-काश्मीरमध्ये 1990 च्या, विशेषाधिकार कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते. जम्मू-काश्मीरमधून 2001 पासून अशा किती विनंत्या आल्या, याचं उत्तर जानेवारी 2018 मध्ये राज्यसभेत दिलं गेलं. देणारे संरक्षण राज्यमंत्री आपल्या धुळ्याचे, डॉ. सुभाष भामरे. विनंत्या 50. नाकारल्या 47. उरलेल्या 3 विचाराधीन. दहावीचा निकाल एवढा कडक लागला असता तर बोर्डावर मोर्चा गेला असता.

सगळे 50 दोषी होते असं मी म्हणत नाही. कदाचित 40 निर्दोष असतील. तर मग त्या 40 जणांचं काय? ते कोर्टातून स्वच्छ बाहेर आले असते. आता त्यांच्या नावापुढे जन्मभर 'मंजुरी नाकारली' असं लिहिलेलं राहणार, आणि उरलेले 10 त्यांच्याच आडोशाला उभे राहणार. यात सैनिकाचा सन्मान कुठे झाला, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही.

ओटिंगचंही तेच. नागालँडमधल्या मोन जिल्ह्यातलं गाव. 4 डिसेंबर 2021 च्या संध्याकाळी कोळसा खाणीतून पिकअपने घरी निघालेल्या मजुरांवर पॅरा कमांडोंनी दबा धरून गोळीबार केला. सहा जण गेले. गावकरी शोधायला आले, झटापट झाली, आणखी सात गावकरी आणि एक जवान गेला. दुसऱ्या दिवशी मोनमध्ये निदर्शनांत आणखी एक. गृहमंत्र्यांनी संसदेत खेद व्यक्त केला आणि सांगितलं की गाडीला थांबायचा इशारा दिला होता, ती पळू लागली. वाचलेल्या मजुराने सांगितलं, असा इशारा झालाच नाही. दोन उलटसुलट जबान्या, आता खरं काय? जगभर अशा प्रश्नासाठी कोर्ट नावाची सोय असते. नागालँड पोलिसांच्या विशेष पथकाने 30 जणांवर आरोपपत्र ठेवलं. 2023 मध्ये केंद्राने मंजुरी नाकारली. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कारवाई बंद केली. पुढे कधी मंजुरी मिळालीच तर ती चालू करता येईल, आणि लष्कराला शिस्तभंगाची कारवाई करायची तर मुभा आहे, असं म्हणून. मरून पडलेल्या जवानालाही, लक्षात घ्या, या व्यवहारात काही मिळालं नाही. त्याला तिथे कुणाच्या माहितीवरून पाठवलं, ती माहिती कुणी दिली, ती खोटी निघाली तर जबाबदार कोण, हेही त्याच फायलीत बंद झालं.

मुद्दा तिथेच आहे. टीका थांबवली की सैनिक वाचत नाही, त्याला पाठवणारा वाचतो.

याच सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2016 मध्ये मणिपूरमधल्या कथित बनावट चकमकींच्या प्रकरणात, न्यायमूर्ती मदन लोकूर आणि आपले उदय लळित यांच्या खंडपीठाने, स्पष्ट सांगितलं होतं की विशेषाधिकाराचा कायदा असला तरी सरसकट अभय नाही. बळी पडलेला अतिरेकी असो वा सामान्य माणूस, जादा बळ वापरलं असेल तर चौकशी होईल. निकाल वाचायला लांब आहे. टीव्हीवर बसत नाही.

आता अमेरिकेत जाऊ. तिथे हा प्रयोग आपल्या आधी करून झाला आहे, निकालासकट. 16 मार्च 1968, व्हिएतनाममधलं माय लाय. शत्रू असेल म्हणून चार्ली कंपनी गावात शिरली. शत्रू नव्हता. म्हातारे, बायका, पोरं होती. काही तासांत त्यांना मारलं. व्हिएतनामी स्मारकावर 504 नावं आहेत, अमेरिकन लष्कराच्या चौकशीने आकडा 347 धरला. वरती अहवाल गेला तो मोठ्या विजयाचा: शत्रूचे 128 ठार. जप्त हत्यारं? 3. हा हिशेब बघून एखाद्या किराणा दुकानदारानेही वही परत तपासली असती.

त्या सकाळी वरून हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं. वैमानिक ह्यू थॉम्पसन, वय 24. त्याने खाली काय चाललंय ते पाहिलं, हेलिकॉप्टर आपलेच सैनिक आणि पळणारे गावकरी यांच्या मधोमध उतरवलं, आणि आपल्या दोघा साथीदारांना, लॉरेन्स कोलबर्न आणि ग्लेन आंद्रेओटा यांना, सांगितलं की मी या लोकांना बाहेर काढतोय, आपली माणसं यांच्यावर गोळ्या झाडायला लागली तर तुम्ही आपल्या माणसांवर झाडा. गोळी झाडावी लागली नाही. काही गावकरी वाचले. प्रेतांनी भरलेल्या खंदकातून एक जिवंत मूल काढलं. परत तळावर जाऊन थॉम्पसनने वरिष्ठांना तोंडावर सांगितलं.

प्रकरण दीड वर्ष दडपलं गेलं, मग पत्रकार सेमूर हर्श यांनी ते बाहेर काढलं. शिक्षा झाली ती एकट्या लेफ्टनंट विल्यम कॅलीला, 22 खुनांसाठी, 1971 च्या मार्चअखेर, जन्मठेप. आता जनता काय म्हणाली ते ऐका. व्हाइट हाउसवर तारांचा पाऊस पडला, बहुतेक सगळ्या कॅलीच्या बाजूने. त्याच्या गौरवाच्या गाण्याच्या दहा लाखांवर तबकड्या खपल्या. जॉर्जियाच्या गव्हर्नरने 'अमेरिकन लढवय्यांचा दिवस' जाहीर केला आणि लोकांना दिवसा गाडीचे दिवे लावून फिरायला सांगितलं. गव्हर्नरचं नाव जिमी कार्टर. होय, तेच, पुढे शांततेचं नोबेल मिळालेले. राष्ट्राध्यक्ष निक्सननी काही दिवसांतच कॅलीला तुरुंगातून काढून त्याच्या क्वार्टरमध्ये नजरकैदेत ठेवलं. सगळं मिळून साडेतीन वर्षांच्या आसपास, तीही बहुतेक घरात, आणि सुटका. ग्रुपवर दिवे लावणं, बघा, आपण शोधलेलं नाही.

आणि थॉम्पसन? तोही सैनिकच होता ना? त्याच सैन्यातला, त्याच युद्धातला, त्याच सकाळचा. 'सैनिकांचा आदर करा' म्हणणाऱ्या देशाने त्याचा काय आदर केला? संसदेच्या सशस्त्र दल समितीचे अध्यक्ष मेंडेल रिव्हर्स म्हणाले, या प्रकरणात कुणाला शिक्षा व्हायची तर ती थॉम्पसनला. त्याने आपल्याच सैन्यावर बंदुका रोखायला लावल्या. फोनवर जिवे मारायच्या धमक्या आल्या. घराच्या ओसरीवर लोक मेलेली जनावरं टाकून गेले. तीस वर्षांनी, 1998 मध्ये, लष्कराने तिघांना सोल्जर्स मेडल दिलं. आंद्रेओटाला मरणोत्तर, तो माय लायनंतर काही आठवड्यांतच लढाईत गेला होता. शत्रूशी प्रत्यक्ष सामना नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी हे पदक असतं. बरोबर निवड. त्या दिवशी समोर शत्रू नव्हताच.

त्यामुळे 'सैनिक टीकेच्या वर' असं कुणी म्हणालं की मी विचारतो, कुठला सैनिक? कॅली की थॉम्पसन? दोघे एकदम वर राहू शकत नाहीत. कॅलीला वर ठेवलं की थॉम्पसनच्या ओसरीवर मेलेलं जनावर पडतं.

आपल्याकडे गोष्ट खंदकापर्यंत जायचीही गरज नाही. वरणापर्यंत पुरते. जानेवारी 2017 मध्ये सीमा सुरक्षा दलाचे तेज बहादूर यादव यांनी नियंत्रण रेषेवरून व्हिडिओ टाकला: डाळीत फक्त हळद-मीठ, पराठा करपलेला. तोवर आपण नोटाबंदीच्या रांगेत दोन तास उभे राहिलो तरी 'जवान सीमेवर उभे आहेत' हे ऐकत होतो. तो जवान बोलायला लागला, आणि एप्रिलमध्ये तो नोकरीतून बाहेर. शिस्तभंग. त्याच वर्षी मार्चमध्ये नाशिकजवळच्या देवळाली छावणीत एक जवान मृतावस्थेत सापडला; अधिकाऱ्यांच्या घरची कामं करायला लावणाऱ्या सहायक पद्धतीबद्दल तो छुप्या कॅमेऱ्यापुढे बोललेला होता. बातमी करणाऱ्या पत्रकारावर शासकीय गुपितांच्या कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. अधिकाऱ्याचं कुत्रं कोण फिरवतो, हे राष्ट्रीय गुपित होतं, हे त्या निमित्ताने देशाला कळलं. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला.

तेव्हा नियम असा दिसतो: सैनिकावर टीका करायची नाही, आणि सैनिकाने तर मुळीच करायची नाही.

ऑगस्ट 2015 मध्ये जंतरमंतरवर समान पदासाठी समान निवृत्तिवेतन मागत बसलेल्या माजी सैनिकांना दिल्ली पोलिसांनी स्वातंत्र्यदिनाच्या बंदोबस्तासाठी ओढून काढलं. छातीवर पदकं लावलेले म्हातारे, सदरे फाटलेले. ती छायाचित्रं सगळ्या पेपरांत आली. त्या दिवशी 'सैनिकांचा अपमान सहन करणार नाही' म्हणणाऱ्यांची फौज सुट्टीवर असावी. वीकेंड तोंडावर होता.

आणि हे थोडं कोरडं आहे, पण वाचा. सेवेत अपंगत्व आलेल्या जवानाला अपंगत्व निवृत्तिवेतन मिळतं. म्हणजे मिळायला हवं. प्रत्यक्षात तो न्यायाधिकरणात जातो, जिंकतो, आणि मग सरकार त्याच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जातं. तुझा रक्तदाब, तुझं हृदय, तुझं मन यांचा नोकरीशी संबंध नाही, असं सांगायला. डिसेंबर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपंगत्व निवृत्तिवेतनाबद्दलची सरकारची शेकडो अपिलं एका फटक्यात फेटाळली. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी 2015 मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली, कारण मंत्रालय आपल्याच जवानांशी इतके खटले लढत होतं की ते कमी कसे करायचे, हाच संशोधनाचा विषय झाला होता. समितीने अहवाल दिला. अपिलं त्यानंतरही होत राहिली. बर्फात पाय गमावलेल्या, कान गेलेल्या, झोप उडालेल्या माणसांना सरकारी वकील उभा राहून सांगतो की हे तुझं तुझ्यापाशी ठेव.

त्या अपिलांवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला अजून कुणीही पाकिस्तानात जायला सांगितलेलं नाही.